डिफॉल्ट जामीन: ६१व्या दिवशी दोषारोपपत्र आलं तर?

विधिविद्यार्थी: ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला हक्काने मिळतो तो डिफॉल्ट जामीन; त्याबद्दल विचारतोय. भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), फसवणूक; मुदत ६० दिवस. अटक ९ जूनच्या रात्री, पहिला रिमांड (कोर्टाचा कोठडीचा आदेश) १० जूनला. दोषारोपपत्र ९ ऑगस्टला दुपारी दाखल झालं. मुदतीत धरायचं का? आणि पोलिसांना उशीर झाला म्हणून आरोपी बाहेर, यात फिर्यादीने काय पाप केलं?

कोर्टनाका: अटकेची तारीख विसरा. मोजणी पहिल्या रिमांडपासून, तीही तो दिवस धरून (कपिल वाधवान, सर्वोच्च न्यायालय, २०२३). जूनचे २१, जुलैचे ३१, म्हणजे ८ ऑगस्टला ६० भरले. कमाल शिक्षा ७ वर्षं असल्याने ९० दिवसांचा (ती मुदत जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना) प्रश्नच नाही. ९ तारखेला हक्क मिळाला, पण दोषारोपपत्र येण्याआधी मागितला तरच.

एम. रवींद्रन प्रकरणात अर्ज सकाळी साडेदहाला पडला, तक्रार (तिथे दोषारोपपत्राच्या जागी) दुपारी ४:२५ला. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तेव्हा कोर्ट बसताच अर्ज द्या आणि आवक शिक्क्याशेजारी वेळ लिहून घ्या. शिक्क्यावर बहुधा नुसती तारीख असते, भांडण मात्र तासांचं असतं.

फौजदारी_बाजू: फिर्यादीचं म्हणाल तर खटला रद्द होत नाही, दोषारोपपत्र मागाहून येतंच. मुदत नसती तर तपास न करता माणूस आत ठेवणं हीच शिक्षा झाली असती. मला खटकतं ते वेगळंच. भीमा कोरेगाव प्रकरणात १ डिसेंबर २०२१ला मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला, कारण तपासाला मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या सत्र न्यायाधीशांना तो अधिकारच नव्हता. त्याच निकालात आठ सहआरोपींना नकार: वेळेत अर्ज नव्हता. कोठडी तितकीच बेकायदा, पण सुटका मागणाऱ्याचीच!

विधिविद्यार्थी: मग ज्याला वकीलच नाही त्याने काय करायचं?

कोर्टनाका: राकेश कुमार पॉल (२०१७) हा निकाल म्हणतो, तोंडी मागणी पुरे, आणि हक्क झालाय हे कोर्टाने आरोपीला सांगावं. व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) अर्ध्या मिनिटात पुढची तारीख पडते तिथे कोण सांगतो? विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी ५५व्या दिवसापासूनच रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची नोंद) बघायला हवा.

दुसरी अडचण जामीनदाराची. आदेश झाला, पण ठरलेल्या मुदतीत जामीनदार उभा केला नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर हातचा जामीन जातो. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा पगारपत्रक आधीच जमवा. फसवणुकीची रक्कम भरा, अशी अट मात्र इथे घालता येत नाही (सरवणन, २०२०).

फौजदारी_बाजू: मकोकात (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते, पण त्यासाठी सरकारी वकिलाचा स्वतःचा अहवाल लागतो: तपास कुठवर आला, कोठडी अजून का हवी. तपास अधिकाऱ्याच्याच अर्जावर सही ठोकून पुढे सरकवलेला कागद दिसला, तर मुदतवाढीला तिथेच हरकत घ्या. त्यासाठी हितेंद्र विष्णू ठाकूर (१९९४) हा निकाल अजून कामाला येतो.