आपल्याकडची थंडी मुलांना कशी दाखवता? ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

घोडबंदर रोड (धागा सुरू करणारी)

गेल्या आठवड्यात लेकीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली, 'हिवाळा' या विषयावर घरून काहीतरी बनवून आणा. सोबत नमुन्याचं चित्र होतं: कापसाचा स्नोमॅन, गाजराचं नाक, गळ्यात मफलर. आम्ही दोघींनी बसून तो मनापासून बनवला. शेवटचा कापूस चिकटवून झाल्यावर तिने खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "आई, आपल्याकडे बर्फ कधी पडणार?" चार वर्षांची आहे. नाही पडत म्हटल्यावर म्हणाली, "मग आपल्याकडे हिवाळा नसतो?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही आणि ते मनात राहून गेलं. हिवाळा असतो की आपल्याकडे! डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जेमतेम दोन महिने, पहाटे कधी पंधरा-सोळा अंश, आणि दुपारी पुन्हा पंखा. पण इतका पातळ असतो की कुणी बोट धरून दाखवल्याशिवाय लहान मुलाला दिसत नाही.

म्हणून हा धागा. सात वर्षांखालच्या मुलांबरोबर थंडीत तुम्ही काय करता, काय खाता, कुठे जाता? फ्लॅटमध्ये आणि नोकरी सांभाळून जमणारं असावं. ऐकीव नको, स्वतः केलेलं लिहा. फसलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

पाचपाखाडी

ताई, तुमच्या लेकीला खोबरेल तेलाची बाटली दाखवा.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे आपल्या थंडीला अगदी बेताचं. आम्ही एक पारदर्शक बाटली न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतो. मुलगा पाच वर्षांचा आहे. सकाळी उठला की दात घासायच्या आधी बाटली तिरकी करून बघतो आणि कॅलेंडरच्या चौकटीत खूण करतो. तेल पातळ असेल तर थेंब, पूर्ण गोठलं असेल तर भरलेला गोल, अर्धवट असेल तर अर्धा गोल. मागच्या जानेवारीचं पान मी जपून ठेवलं आहे. त्यात सलग सहा दिवस भरलेले गोल आहेत आणि मग एकदम थेंबांची रांग.

एकदा त्याच्या लक्षात आलं की खिडकीतली बाटली गोठते आणि स्वयंपाकघरातली नाही. मग मुद्दाम दोन बाटल्या ठेवल्या, एक खिडकीत आणि एक गॅसच्या ओट्यापाशी. ओट्याजवळची महिनाभर पातळच राहिली. का, ते त्याने स्वतः शोधलं. हात दोन्हीकडच्या भिंतीला लावून बघितला आणि म्हणाला, "इथली भिंत जेवण करते." मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

आंघोळीआधी गोठलेल्या तेलाचा गोळा चमच्याने त्याच्या तळहातावर द्यायचा. आधी कडेने चकाकायला लागतो, मग मधला पांढरा ठिपका लहान लहान होत जातो, आणि शेवटी हातात नुसतं तेल. तेच अंगाला. मालीश म्हटलं की पळणारा मुलगा आता स्वतः हात पुढे करतो. फक्त निव्वळ खोबरेल हवं, दुसरी तेलं मिसळलेलं सुगंधी तेल असं नीट गोठत नाही.

नेरूळची आजी

आमच्याकडे नातवंडं संक्रांतीच्या आधीचा आठवडा माझ्याकडे असतात, आणि त्या आठवड्यात मी काटेरी हलवा करते. विकत सगळीकडे मिळतो, जांभळी नाक्याला तर ढीग असतात. पण साध्या तिळावर काटा उगवताना मुलांनी बघावा असं मला फार वाटतं.

तीळ निवडून पसरट कढईत अगदी मंद आचेवर ठेवायचे. शेजारी साखरेचा एकतारी पाक, दूध घालून मळी काढलेला. पाक चमचाभरच घालायचा आणि बोटांनी तीळ सतत हलवत राहायचं. तो सुकला की पुढचा चमचा. घाई केली तर गोळे होतात. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात आणि मुलं हिरमुसतात. दुसऱ्या दिवशी अंगावर खरखर येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा दिसायला लागतो. हवा कोरडी आणि गार असली की काटा छान फुटतो, ढगाळ दिवशी दाणा गुळगुळीतच राहतो. थंडी असते ती अशी, हे मी नातीला त्या दाण्यावर दाखवते. कढईजवळ मुलांना जाऊ देत नाही. त्यांचं काम चमचे मोजायचं आणि रोज संध्याकाळी एक दाणा भिंगाखाली बघून वहीत काढायचा. नातीच्या वहीत चार दिवसांचे चार दाणे आहेत: एक अंडं, एक खडबडीत अंडं, एक चांदणी, आणि चौथा तिने कागदभर काढलाय.

दागिने करायचे तर सुई देऊ नका, हलव्याचा दाणा फुटतोही आणि बोटही टोचतं. पुठ्ठ्याचा मुकुट कापून द्यावा, मैद्याची खळ शिजवून द्यावी, आणि चिकटवू द्यावं हवं तसं. गेल्या वर्षी मुकुट रात्री टेबलावरच राहिला आणि सकाळी मुंग्यांची रांग लागलेली. धाकट्याने फार रडून घेतलं. आता मुकुट वाटीवर ठेवते आणि वाटी पाण्याच्या ताटलीत.

कोपरखैरणे

आजी, वाचून हात शिवशिवायला लागले. एक कळकळीची विनंती मात्र सगळ्यांनाच. माझ्या भाच्याच्या बोरन्हाणात दीड वर्षाच्या शेजारच्या बाळाने खाली पडलेला हलवा तोंडात टाकला आणि तो घशात अडकला. त्याच्या आईने लगेच उपडं धरून पाठीवर थापट्या दिल्या म्हणून निघाला. ते दोन क्षण अजून आठवतात. लहान बाळं असतील तर डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे ओता, पण हलवा, शेंगदाणे, गोळ्या त्यात नकोत. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत. ओतून झाल्याबरोबर एकाने खाली बसून सगळं वेचायचं. बोरं खायला देताना बी काढून.

खारघर

माझं आजोळ पनवेलजवळचं, त्यामुळे आमच्याकडे थंडी म्हणजे पोपटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरतात. त्याच वेळी शेताच्या बांधावर भांबुर्डीचा पाला माजतो. भांबुर्डी चुरगळून हुंगली की ओव्यासारखा, थोडा कडवट, उग्र वास येतो. मडक्याच्या तळाशी आणि कडेने हा पाला दाबून बसवायचा. मग शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा, पुन्हा शेंगा. मधे बटाटे, रताळी, ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च भरायचा आणि मडकं जमिनीवर उपडं. भोवती गोवऱ्या, सुका पेंढा, काटक्या, आणि जाळ. पाण्याचा एक थेंबही आत नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने मामा मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र करून उडाले की झाली.

माझ्या मुली सहा आणि तीन वर्षांच्या. जाळापासून दहा पावलांवर मामांनी काठीने रेघ मारून दिली होती, ती ओलांडायची नाही. पण त्याआधीची सगळी कामं त्यांची. शेंगा निवडायच्या, किडकी दिसली की बाजूला, मीठ मुठीने पेरायचं. थोरलीला वालाच्या अळ्यांची भीती वाटायची, ती त्या दिवशी गेली. मडकं फोडलं आणि वाफ वर आली तेव्हा धाकटी नाक धरून मागे सरली, आणि पाच मिनिटांनी शेंग दातात धरून दाणा ओढत बसली. घरी परत येताना गाडीभर धुराचा आणि भांबुर्डीचा वास होता. तिचा स्वेटर धुवायला टाकला तर रागावली, "थंडीचा वास जाईल."

सोसायटीच्या गच्चीवर जाळ करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. घरी आम्ही जाड बुडाच्या पातेल्यात, धुतलेला ओला पाला खाली-वर घालून, घट्ट झाकण ठेवून बारीक गॅसवर करतो. धुराची चव नाही येत, पाल्याची येते. पहिल्यांदा आच मोठी ठेवली आणि खालचा थर करपला. दाणा बोटात दाबून मऊ लागला तरच मुलांना द्या, वाल कच्चे पोटाला बरे नाहीत.

ऐरोली

आम्ही थंडीचे पाहुणे बघायला जातो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये घोषित झाला, २०२२ पासून तो रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट जाते. पण लहान मुलांबरोबर मला नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळी जास्त सोयीच्या वाटतात. गुपित भरतीत आहे. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर लांबवर चरत असतात, भरतीने चिखल बुडाला की ते या तळ्यांकडे विसाव्याला येतात. त्यामुळे भरतीची वेळ बघून निघा. आम्ही पहिल्या वेळी न बघता गेलो, आणि मुलाला रिकामं पाणी दाखवून परत आलो. डिसेंबरात थोडे असतात, जानेवारीनंतर थवे वाढतात.

घरी आल्यावर बीट किसून रस काढला. अंगठा बुडवून कागदावर ठसा, त्याला पेन्सिलीने मान आणि लांब पाय. फ्लेमिंगो गुलाबी होतो तो खाण्यातल्या शेवाळ आणि कोळंबीसारख्या जिवांमधल्या रंगद्रव्यामुळे, पिल्लं राखाडी असतात. हे सांगितल्यावर मुलाने दोन दिवस बीट मागून खाल्लं आणि आरशात बघितलं.

वाशीच्या खाडीवर कुरव (सीगल) पक्ष्यांना लोक शेव-गाठी टाकतात. मुलांना मजा वाटते हे खरं, पण तळलेलं मीठ-बेसन त्यांच्या पोटाचं खाणं नाही. नुसतं बघा, उडताना वळणारे पंख मोजा.

वाशी

मुलीला बाळदम्यासारखा त्रास आहे म्हणून लिहिते. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर-धूळ तिच्यातच अडकते. खिडकीतून दिसतो तो दर वेळी धुक्याचा पडदा नसतो. 'सकाळची शुद्ध हवा' म्हणून आम्ही साडेसहाला फिरायला न्यायचो आणि संध्याकाळी वाफ द्यावी लागायची. आता ऊन चढल्यावर, अकराच्या सुमारास जातो. फरक पडला.

कळवा

बुचाच्या फुलांचा मोसम संपायच्या आत हे करून बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे झाडाखाली पांढरा सडा असतो. फुलाचा दांडा लांब नळीसारखा, त्यामुळे दोरा न घेता वेणी घालता येते. दोन फुलं एकमेकांवर आडवी, तिसऱ्याचा दांडा त्यांच्याभोवती वळसा देऊन पुढे, आणि पुढचं फूल त्याच्या शेजारी. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, त्याची वेणी तिसऱ्या फुलाला सुटते. पण सोडवून पुन्हा करतो आणि कुणालाही हात लावू देत नाही. दहा वाजेपर्यंत फुलं मलूल होतात, तेव्हा सकाळीच.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी मटार, पावटा, ओला हरभरा सोलायला मुलांना बसवा. हरभऱ्याच्या घाट्याने बोटं आंबट होतात, ती चाटत सोलायची. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणत माझी आई भाजीत बोरं आणि उसाचे तुकडेही घालायची, आम्हीही घालतो. मुलाने स्वतः सोललेला पावटा ताटात ओळखून खाल्ला, एरवी वेचून बाजूला ठेवतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी मात्र त्याला गूळ-तुपाबरोबरच लागते.

घोडबंदर रोड (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते सांगते.

तेलाची बाटली खिडकीत आहे, अजून थेंबच. बुचाचं झाड शोधत होते, ते आमच्याच बसस्टॉपमागे निघालं. रोज त्याच्याखालून जात होतो. शिवाय मी एक जोडते. बाजारातली बारकी मेथी लेकीला आवडते म्हणून पसरट डब्यात नारळाचा भुसा ओला करून मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरले. तिसऱ्या दिवशी दाणे डोकं वर काढून उभे राहिले, अंगावर टरफलाची टोपी. पाणी ओतून नका देऊ, आम्ही पहिला डबा असाच कुजवला. बोटं बुडवून शिंपडायचं, तेच तिचं काम. आज नववा दिवस, बोटभर उंच झाली आहे. रविवारी कात्रीने कापून पिठल्यात घालणार आहोत.

खारघरचे दादा, जानेवारीत पनवेलच्या बाजारात भांबुर्डीचा पाला मिळेल का?

खारघर

ताई, शेंगा विकणाऱ्या बायकांकडे सकाळी लवकर विचारा, कधी कधी असतो. नाही मिळाला तर मामांना सांगून जास्तीची जुडी आणवतो. लेकीला आधी चुरगळून वास घ्यायला द्या.