उल्का टिपण्यासाठी फिल्म अजूनही कामाची आहे का?

सत्तरीकर:
पर्सिड्सचा उल्कावर्षाव ऑगस्टात होतो आणि तेव्हा गोव्यावर ढगांचे छत असते, म्हणून १३-१४ डिसेंबरचे जेमिनिड्स हीच आपल्याला खरी संधी. त्या रात्री फिल्म कॅमेरा नेणे व्यर्थ आहे, हे मत वारंवार ऐकू येते आणि ते मला मुळीच पटत नाही. लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवल्यावर, फिल्मची संवेदनशीलता घटते हे खरे, परंतु तो तोटा मंद ताऱ्यांना होतो. सेकंदभरही न टिकणाऱ्या उल्केला त्याची झळ लागत नाही. खगोलशास्त्रज्ञ वाइनेक यांनी २७ नोव्हेंबर १८८५ रोजी प्रागमध्ये उल्केचे पहिले छायाचित्र घेतले ते काचेच्या प्लेटवर, आणि आजची ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) फिल्म तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान, म्हणजे प्रकाशाला अधिक संवेदनशील आहे.

मडगावकर:
आपला मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर येणाऱ्या प्रकाशकणांपैकी फिल्मपेक्षा कितीतरी मोठा हिस्सा नोंदवतो, म्हणून मंद उल्काही त्यावर उमटतात. फिल्मवर ठळक तेवढ्याच येतात. शिवाय डिजिटलच्या प्रत्येक फ्रेमला वेळेची नोंद असते. चोर्ला घाट आणि काणकोण येथून एकच उल्का टिपली, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील तिच्या स्थानातील फरकावरून उंची काढता येते. वीस मिनिटांच्या निगेटिव्हवरची रेघ नेमकी कोणत्या क्षणाची, हे कसे ठरवणार?

सत्तरीकर:
घड्याळ घेऊन शेजारी बसलेला निरीक्षक ते ठरवतो, आणि लेन्ससमोर फिरती पाती लावली की रेघेत पडलेल्या खंडांवरून उल्केचा कोनीय वेगही मिळतो. उलट, डिजिटल कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (चित्रातले नकोसे ठिपके घालवण्याची सोय) चालू राहिले, तर वीस सेकंदांच्या प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद शटर मिटून काळी फ्रेम घेतो. अर्धी रात्र अशीच वाया जाते!

मडगावकर:
तो सेन्सरचा दोष नव्हे, ती सोय बंद करावी. मग दोन फ्रेममध्ये जेमतेम सेकंदाचा खंड राहतो.

फोंड्याची वाचक:
दोघांच्याही वादात लेन्स मागे पडली, याचे वाईट वाटते. एक्स्पोजर वाढवल्याने उल्का उजळत नाही, फक्त आकाश पांढुरके होते. उल्केचा प्रकाश गोळा होतो तो भिंगाच्या उघड्या व्यासातून. ५० मिमी एफ १.८ लेन्सचा हा व्यास (५० भागिले १.८) सुमारे २८ मिमी, तर २४ मिमी एफ २.८ चा ९ मिमीसुद्धा नाही. आकाशाचे क्षेत्र मात्र दुसरीत अधिक मावते. आणि पहाटे लेन्सवर दव साचले, तर फिल्म काय नि सेन्सर काय, दोन्ही आंधळेच. हात शेकायची गरम पुडी लेन्सभोवती आधीच बांधून ठेवा.

सत्तरीकर:
पुडीचे मान्य. फिल्मबाबत माझे मत कायम आहे.