गप्पी डबक्यात जगतात, माझ्या टाकीत का मरतात?

ऐरोलीकर_बाबा:
मंडळी, वैताग आलाय. लहानपणी कळव्याच्या चाळीत बरणीत गप्पी होते. फिल्टर नाही, हीटर नाही, खायला भाताची शितं. तरी पिल्लं इतकी, की आजी म्हणायची, "हे मासे की ढेकूण?" आता लेकीसाठी दोन फुटी टाकी घेतली, पंधरा दिवस रिकामी चालवली, मग सहा गप्पी आणि दोन काळ्या मॉली सोडल्या. नवव्या दिवशी चार गप्पी गेले. शेपटी मिटलेली, पोट खपाटीला. एक मॉली जागच्या जागी थरथरतेय. मासाच कच्चा झालाय की माझं चुकतंय?

नेरुळ_२५:
सेम. प्लॅटीपण गेल्या. मी आता टेट्रा माशांवर आलोय.

कोपरीचा_काका:
दोन्ही. रिकामी टाकी पंधरा दिवस चालवून काही होत नाही. फिल्टरमधल्या जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. रोज थोडं पाणी बदला, नव्या पाण्यातला क्लोरीन आधी काढून.
पण मासाही पूर्वीचा नाही. रंग आणि शेपटीसाठी पिढ्यानपिढ्या भावंडांतच जोड्या लावतात. त्या पदराएवढ्या शेपटीने त्याला धड पोहताही येत नाही. मलेरियावाले विहिरीत गप्पी सोडतात, तिथे मरतुकडा टिकत नाही, म्हणून उरलेला दणकट. दुकानात मरतुकडाच साठ रुपयांना.
त्यात आपलं पाणी. मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं, मऊ. गप्पी-मॉलीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी लागतं. मॉली थरथरते त्याला बहुतेक हेच कारण. पाणी जड व्हावं म्हणून मी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून फिल्टरमध्ये टाकतो. बायको म्हणते, कालवण आम्हाला, शिंपल्या माशांना.
मादीच्या शेपटीखाली लाल धागे दिसतात का?

ऐरोलीकर_बाबा:
टॉर्च मारून पाहिलं. एकीला आहेत, दोन-तीन, केसासारखे!

कोपरीचा_काका:
कॅमॅलॅनस, आतड्यातला जंत. दुकानातूनच आलाय. लेव्हामिसोल लागेल, गुरांच्या औषधांच्या दुकानात विचारा. टाकीतल्या सगळ्यांनाच द्यायचं, तळ साफ करायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. मात्रा टाकीचे लिटर मोजून, अंदाजपंचे नको.

ऐरोलीकर_बाबा:
औषध मिळालं. आणि त्याच मादीने रात्री अकरा पिल्लं दिली! नर तर सगळे मेलेत.

कोपरीचा_काका:
नराचं बीज ती काही महिने साठवून ठेवते. महिन्याभराने पुन्हा देईल. पिल्लं वेगळी काढा, नाहीतर आईच खाईल. मोठी झाली की दोन जोड्या मला ठेवा, कोपरीहून न्यायला येईन.