पुराच्या निवाऱ्यात तान्ह्या बाळांच्या दुधाची सोय कशी करावी?

मुठाकाठ:
पुण्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला की सिंहगड रोडचा नदीकाठ रिकामा करावा लागतो. २०२४ च्या जुलैत एकता नगरीत पाणी शिरलं होतं, ते आठवत असेलच. यंदा महापालिकेच्या शाळेतल्या निवाऱ्याचं स्वयंपाकघर आमच्या मंडळाकडे आहे. साधारण ६० कुटुंबं आणि वर्षाच्या आतली आठ-दहा बाळं धरली आहेत. देणगीदार आत्तापासून विचारतायत, पावडरचे डबे आणि बाटल्या किती पाठवू? गॅसची शेगडी एकच आहे, फ्रिज नाही, नळाला पाणी येईलच याची खात्री नाही.

वाटीचमचा:
बाटली एकही घेऊ नका. निपलच्या भोकात आणि बाटलीच्या खांद्याशी दुधाचा थर बसतो, तो ब्रश आणि उकळतं पाणी असल्याशिवाय निघत नाही. निवाऱ्यात दोन्ही नसतं, मग जुलाब ठरलेलेच. स्टीलची वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातलं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) साबणाने घासता येतं. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकीच कलती करायची. ते स्वतः चाटून पितं. ओतू नका, ठसका लागतो.

डबे सरसकट वाटणं हा तर कायद्याचाच भंग आहे. १९९२ च्या कायद्याने (सुधारणा २००३) बाळांचं पर्यायी दूध आणि बाटल्या देणगी म्हणून द्यायला बंदी आहे, सूट फक्त अनाथालयांना. बंदीमागचा हिशोब सोपा आहे. ५ किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली, म्हणजे ७५० मिली दूध लागतं. त्याला सुमारे ११० ग्रॅम पावडर जाते. ४०० ग्रॅमचा फुकट आलेला डबा साडेतीन दिवसांत खडखडाट! तोवर अंगावरचं पाजणं कमी झालं की आईचं दूधही कमी झालेलं असतं, आणि पुढचा डबा पुरवायला घरात पावडर पातळ करायला लागतात.

धायरीकर७७:
हे जरा कठोर वाटतं. घर पाण्यात गेलेल्या बाईचं दूध भीतीने आटतं, मग बाळ उपाशी ठेवायचं का? आणि सीलबंद बाटलीचं पाणी वापरलं की पावडरचा प्रश्न मिटतो ना?

वाटीचमचा:
दूध आटत नाही, उतरायला वेळ लागतो. ताणात पान्हा सोडणारं संप्रेरक अडखळतं, दूध तयार होणं थांबत नाही. आईला आडोसा द्या. एक वर्गखोली, दाराला चादर, आत फक्त बायका. बाळ उघड्या छातीशी धरू दे, दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा लावू दे. तिच्या ताटात एक जेवण जादा आणि हाताशी पाण्याचा तांब्या. २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होत असेल तर दूध पुरतंय. बाळ रडतंय एवढ्यावरून ठरवू नका.

पाण्याबद्दल: सीलबंद पाण्याने निम्मंच काम होतं, कारण पावडर स्वतःच निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर, साल्मोनेला हे जंतू असू शकतात, त्यासाठी पाणी किमान ७० अंश हवं. निदान १ लिटर पाणी खळखळ उकळा आणि ३० मिनिटांच्या आत वापरा. वाटीभर पाणी उकळलंत तर ते त्याच्या कितीतरी आधी ७० च्या खाली येतं, इथेच बहुतेकांची चूक होते. आधी मोजून पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट माप. दाबून भरायचं नाही, दुसऱ्या डब्याचा चमचा चालत नाही. भांडं गार पाण्यात ठेवून निववा, थेंब मनगटावर टाकून बघा. उरलेलं दोन तासांनी ओतून द्या. बाळाने तोंड लावलेलं असेल तर तासाभरातच.

आशाताईंची_शेजारीण:
एक भर. पावडर लागणारी बाळं असतातच: आई दगावलेली, रुग्णालयात दाखल, किंवा आधीपासून पावडरवरच असलेली. त्यांची वेगळी यादी करा, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या आणि गरज असेतोवरचे डबे विकत आणा. ते भांडारात न मांडता त्या एकेका घराला बोलावून, करून दाखवून द्यावेत. जाऊ किंवा मावशी पाजायला तयार असेल आणि तिची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह असेल तर तेही बघा. ससून रुग्णालयाच्या दुग्धपेढीवर (आयांनी दान केलेलं दूध साठवतात तिथे) विसंबू नका, ते दूध अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. चहाचं व्हाइटनर, कंडेन्स्ड मिल्क सहा महिन्यांखाली अजिबात नको.

जुलाब झाले तर अंगावरचं चालूच ठेवा. दर पातळ शौचानंतर ओआरएस ५० ते १०० मिली. पुडीवर बघा, एक लिटरची वेगळी आणि २०० मिलीची वेगळी. छोटी पुडी लिटरभर पाण्यात घातली की उपयोग शून्य, उलट केलं तर मीठ जास्त होऊन धोका. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, वर २० मिलिग्रॅम. दोन महिन्यांखालचं बाळ, रक्त पडणं किंवा बाळ पीत नसणं यांत थांबू नका, १०८ लावा.

मुठाकाठ:
आभार. देणगीदारांना कळवतो. उकळतं पाणी थर्मासात भरून रात्रीसाठी ठेवलं तर चालेल का? आणि सहा महिन्यांवरच्या बाळांचं काय?

वाटीचमचा:
थर्मास चालेल, पण उकळतं पाणीच भरा, काठोकाठ, आणि वापरताना अंदाजावर न जाता थर्मामीटरने ७० अंश बघा. त्याहून कमी निघालं तर पुन्हा उकळा. मोठ्या बाळांना अंगावरचं चालू ठेवून मऊ वरणभात, तेल किंवा तूप घालून. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतका घट्ट. मोठ्यांची आमटी पातळ करून देऊ नका, त्यात नुसतं पाणी जातं. दर वेळी ताजं शिजवा, दोन तासांत संपवा. मध वर्षाच्या आत नाही.