इंग्रजी शब्द लेखणीत कसे उतरले? : अनुभव धागा

नवा इंग्रजी शब्द, त्याची व्याख्या आणि एक उदाहरणवाक्य अशा नोंदी आपल्यापैकी अनेकांनी केल्या असतील. वाचताना ओळखू येणारा शब्द लिहितानाही वेळेवर सुचावा, यासाठी आपण काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे.

*

मी अनुवादाचे काम करते. मी व्याख्येपेक्षा उदाहरणवाक्याला अधिक महत्त्व देते, कारण शब्दाचे सोबती व्याख्येत क्वचितच दिसतात. ‘कमिट’ म्हणजे ‘करणे’ एवढेच टिपून ठेवले, तर या अर्थी तो गुन्हा, पाप अशाच कृत्यांबरोबर येतो, हे कळत नाही. ‘ही कमिटेड अ क्राइम’ या छोट्या वाक्यातून ते आपोआप लक्षात येते. म्हणून मी शब्द एकटा लिहीतच नाही. ‘डिपेंड ऑन’, ‘केपेबल ऑफ’ असे शब्दयोगी अव्ययासहित लिहिते. याहून फलदायी सवय मला तरी सापडलेली नाही.

*

वरील मताशी सहमत आहे. मात्र कोश शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला असावा. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिल्या होत्या, तर १९८७ च्या कोबिल्ड कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात मांडली, त्यामुळे अर्थाबरोबर शब्दाचा वापरही समजतो.

*

उजळणीबद्दल लिहितो. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली खोक्याची पद्धत मी वापरतो. आठवलेल्या शब्दाचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा उशिराने उघडायचा असतो. विसरलेल्या शब्दाचे कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते, त्यामुळे वेळ कच्च्या शब्दांवरच खर्च होतो. मी कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहीत नाही. तेथे उदाहरणवाक्य असते आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवलेली असते. शब्द पाहून अर्थ सांगणे सोपे असते, वाक्य पाहून शब्द आठवणे कठीण. आणि लिहिताना नेमके हेच दुसरे काम करावे लागते.

*

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना इंग्रजी केवळ वाचायचे आहे, त्यांनी प्रत्येक शब्दासाठी एवढे कष्ट घेऊ नयेत; संदर्भावरून अंदाज बांधावा आणि तोच शब्द पुन्हा भेटला, तरच कोश उघडावा. लिहिणाऱ्यांनी मात्र कोशातले वाक्य उतरवून न थांबता स्वतःच्या कामातले एक वाक्य रचावे आणि ते जाणकाराकडून तपासून घ्यावे.