कॅरेक्टरला 'चारित्र्य' म्हणायचं का?

निंबोणी
मंडळी, अडलंय. मराठी माध्यमाच्या बीएच्या मुलांसाठी नोट्स करतेय, त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टचं १९३७ च्या पुस्तकातलं वाक्य आलं, 'कॅरेक्टर इज पर्सनॅलिटी इव्हॅल्युएटेड, अँड पर्सनॅलिटी इज कॅरेक्टर डिव्हॅल्युएटेड'. म्हणजे माणूस कसा आहे ते मानसशास्त्राने सांगावं, चांगला की वाईट हा निवाडा नीतिशास्त्राने करावा, म्हणून त्याने कॅरेक्टर सोडून पर्सनॅलिटी हा शब्द धरला. मी लिहिलं, 'व्यक्तिमत्त्व म्हणजे अवमूल्यन झालेलं चारित्र्य'. सहकाऱ्याने 'अवमूल्यन'वर काट मारली आणि 'चारित्र्य'खाली दोन रेघा ओढल्या. काय करू?

खडूस मास्तर
काट बरोबर आहे. अवमूल्यन म्हटलं की ६ जून १९६६ चा रुपया आठवतो. इथे किंमत घसरलेली नाही, तराजूच उचलून नेलाय. 'मूल्यनिरपेक्ष चारित्र्य' करा.

शेवंती
मास्तर, चारित्र्य मूल्यनिरपेक्ष कसं असेल हो? पेपरात 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' हे मथळे वाचत आम्ही मोठ्या झालो. बाईच्या बाबतीत या शब्दाला एकच अर्थ उरलाय, आणि पुरुषांना तो नोकरीच्या पोलीस पडताळणीपुरता लागतो. निंबोणीताई, सरळ कॅरेक्टर ठेवा, मुलांना कळतं.

खडूस मास्तर
लोक वाईट वापरतात म्हणून शब्द टाकायचा? 'चर्' म्हणजे चालणं, वागणं, बस्स. मग 'शील' घ्या. तोही भ्रष्ट झाला म्हणाल तर पंचशील रोज म्हणणाऱ्यांना जाऊन विचारा, त्यांच्याकडे तो ठणठणीत आहे.

बे एरियातला
'कॅरेक्टर' ठेवलं तर आणखी पंचाईत, कारण मराठीत 'तो एक कॅरेक्टर आहे' म्हणजे इरसाल नमुना 😄
बाकी या वादावर ऑलपोर्टचंच काम आहे. १९३६ मध्ये त्याने आणि ओडबर्टने वेबस्टरची अख्खी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले आणि चार रकान्यांत टाकले. स्थिर स्वभाव सांगणारे तटस्थ शब्द ४,५०४, तात्पुरत्या मनःस्थितीचे ४,५४१, उरलेसुरले ३,६८२ आणि नुसती पसंती-नापसंती दाखवणारे ५,२२६. म्हणजे सगळ्यात मोठा रकाना नावं ठेवण्याचा आणि कौतुकाचा! पुढे कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने याच तटस्थ यादीवरून काम सुरू केलं, आजच्या बिग फाइव्हचं, म्हणजे माणसाचा स्वभाव पाच मोठ्या गुणांत मांडण्याच्या पद्धतीचं, मूळ तिथे आहे. कुणीतरी मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशावर हे करायला पाहिजे राव.

सांगलीकर
करा की, पण तटस्थ रकान्यात घालणार काय? खाष्ट, तिरसट, हेकट, घुमा, आगाऊ, चोंबडा, कोडगा, चेंगट, वेंधळा.. लिहीत बसलो तर सगळ्या शिव्याच निघाल्या. आमच्या आजीकडे माणसाचं साधं वर्णन असं नव्हतंच, तिने 'घुमा' म्हटलं की निकाल लागलेला असायचा.

शेवंती
भिडस्त?

सांगलीकर
भिडस्त म्हणजे अर्धी कीवच की. बोलका चालेल एखादवेळ.

उंटावरचा
मूळ शब्दांकडे बघा ना, मजा आहे. पर्सनॅलिटी आली लॅटिन पर्सोनावरून, म्हणजे नाटकातला मुखवटा. आणि आपली 'व्यक्ती' वि + अञ्ज् वरून, म्हणजे उघड होणे, दिसणे. त्यांचं झाकलेलं, आपलं उघडं!! म्हणून व्यक्तिमत्त्व हाच शब्द ऑलपोर्टला जास्त शोभतो. १९२० साली बाविशीत तो व्हिएन्नात मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडला भेटायला गेला, फ्रॉइड गप्पच बसला, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून याने ट्रॅममध्ये पाहिलेल्या चारेक वर्षांच्या पोराची गोष्ट सांगितली, त्याला सगळंच घाण वाटत होतं आणि शेजारी त्याची कडक इस्त्रीतली आई. फ्रॉइड विचारतो, 'आणि तो मुलगा तुम्हीच का?' तेव्हाच ऑलपोर्टला वाटलं की खोल उकरण्याआधी माणूस उघडपणे काय सांगतोय ते ऐकावं.

खडूस मास्तर
गोष्ट झकास, निष्कर्ष ओढूनताणून. ऑलपोर्टने त्याच पुस्तकात पर्सोनाचे अर्थ मांडताना नुसता मुखवटा धरलेला नाही, कायद्यातला आणि धर्मशास्त्रातला अर्थही घेतलाय, आणि व्यक्तिमत्त्वाच्या जवळपास पन्नास व्याख्या तपासून मग स्वतःची दिली. धातूवरून अर्थ ठरत असता तर व्यक्ती स्त्रीलिंगी का, याचंही उत्तर द्या.

उंटावरचा
संस्कृतातही स्त्रीलिंगीच आहे मास्तर, '-ति' प्रत्यय. शक्ती, भक्ती, व्यक्ती.

निंबोणी
अहो, माझं डिव्हॅल्युएटेड राहिलं. 'चारित्र्यातून बरंवाईट वजा केलं की उरतं ते व्यक्तिमत्त्व', असं चालेल का? आणि ट्रेटला, म्हणजे स्वभावातल्या स्थिर वैशिष्ट्याला, कुठे 'गुणतत्त्व' दिसतं, कुठे 'गुणविशेष'. 'गुण' म्हटलं की पोरं मार्क समजतात.

बे एरियातला
वजा केलं मस्त. ट्रेटला 'खोड' म्हणा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणजे स्थिरही आहे 😂

खडूस मास्तर
खोड वाईटच असते. 'प्रामाणिकपणाची खोड' म्हणून बघा.

शेवंती
आमच्या ऑफिसात म्हणतात की, वैतागून.
सांगलीकर, ते चेंगट तुमच्याकडे चिकट माणसाला का? आमच्याकडे रेंगाळणाऱ्याला.

सांगलीकर
चिक्कूलाच. रेंगाळणारा तो रेंगट्या, चेंगट कुठला? पैसा सुटत नाही तो चेंगट.

शेवंती
छे, भाजी घ्यायला जाऊन तासभर लावते ती चेंगट. पैसे भरपूर सोडते ती.