काळ्या पट्ट्या दिसल्या की लगेच 'फुल स्क्रीन' दाबणाऱ्यांसाठी

होटगीरोडकर:
काल ग्रुपवर एकाने नव्या टीव्हीसाठी सल्ले टाकले. पिक्चर मोड व्हिव्हिड ठेवा, शार्पनेस शंभरवर न्या, स्क्रीन फुल करा, कारण "काळ्या पट्ट्या म्हणजे मोजलेले पैसे वाया". खाली नुसती अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून हा धागा.

पट्टी म्हणजे टीव्हीने खाल्लेली जागा नव्हे. जुना कार्यक्रम ४:३ मध्ये (रुंदी चार, तर उंची तीन) शूट झालाय, तुमची स्क्रीन १६:९ आहे. फुल केलं की समोरचा प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. झूम केलं तर माणूस नीट दिसतो, पण वरचं-खालचं मिळून पाव चित्र जातं. स्कोपमधला, म्हणजे जास्त रुंद चौकटीचा सिनेमा २.३९:१ चा असतो. तो पट्टीशिवाय भरायचा तर दोन्ही कडांची माणसं कापायची, दुसरा मार्गच नाही.

आणि व्हिव्हिड हा दुकानासाठीचा मोड. भगभगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा एवढंच त्याचं काम. घरी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, रंग 'वॉर्म'वर ठेवा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. शार्पनेस वाढवून नवीन काही दिसत नाही, फक्त कडांना पांढरी रेघ येते. बातम्यांची खालची ओळ अर्धी कापली जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. कडा कापायची ती खोड पिक्चर ट्यूबच्या जमान्यातली, अजून काही टीव्हींत तशीच चालू आहे.

कडकभाकरी:
बरं की मास्तर. टीव्ही माझा, हप्ता माझा, आणि पट्टी तुम्ही ठरवणार? आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फुल केल्यावर तिला बातम्यांची अक्षरं बरी दिसतात. तिला काय सांगू, आई, शूटिंग ४:३ मध्ये झालंय?

होटगीरोडकर:
अक्षर आडवं फुगतं, उंची तेवढीच राहते. तिला खरंच मोठं दिसायला हवं असेल तर खुर्ची पुढे घ्या.

कडकभाकरी:
खुर्ची पुढे घ्यायला आमचा हॉल काय पार्क मैदान आहे का बे? तिला वाचता येतंय, विषय संपला.

चादरगल्ली:
गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळचं सांगते. भोगीला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा लोकल केबलवर लाइव्ह होता. सासऱ्यांना गर्दीत नेणं शक्य नाही, म्हणून सगळे टीव्हीसमोर. मेहुण्याने आदल्या रात्री मॅच बघताना झूम लावून ठेवलेला. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या आल्या, पण एकाचंही वरचं टोक दिसेना! सासरे केबलवाल्याला फोनवर झाप झाप झापायलेत, "कॅमेरा वर कर की!" तो बिचारा म्हणतोय, काका, माझ्याकडे पूर्ण दिसतंय. शेवटी माझ्या मुलीने रिमोट घेऊन 'ओरिजिनल' केलं, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. फुल, झूम ज्याला करायचंय त्याने करा, पण आपलं बघून झालं की परत पहिल्यासारखं करून ठेवा.

रात्रपाळी:
पट्टीचं काय घेऊन बसलात, खरा गुन्हेगार मोशन स्मूदिंग आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही मधल्या फ्रेम मनाने बनवून घुसडतो आणि करोडोंचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून हे बंद करा म्हणून सांगितलं होतं. माझ्या भावाला सांगितलं तर म्हणतो, क्लिअर दिसतंय की. आम्ही आता एकत्र सिनेमा बघत नाही.

अक्कलकोटरोड:
सगळे शहाणे सेटिंग बदलायलेत, पण येणारं चित्रच एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी ठिपक्यांचं आहे त्याचं काय? ७२०×५७६ ठिपके. फोरके पॅनेलवर त्याच्या एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. वॉर्म करा नाहीतर गार करा, चेहरा पुसलेलाच दिसणार. एचडी मागितलं की केबलवाला वेगळे पैसे सांगतो. २०१९ ला ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नियम आले तेव्हा महिन्याला १३० रुपयांत १०० चॅनेल, आणि त्यात एक एचडी म्हणजे दोन एसडी धरायचे. तेव्हापासून हा खेळ चालूय.

कडकभाकरी:
हे मात्र बरोबर बोललात. आमच्याकडे तर एचडीचे पैसे घेऊन बॉक्स एसडीचाच दिलेला. वर्षभर पत्ता नाही.

शेंगाचटणी:
केबल ठेवताच कशाला? दूरदर्शनची फ्री डिश लावा, महिन्याला शून्य रुपये.

अक्कलकोटरोड:
फ्री डिशवर मला हवी ती मालिका लागते का? नाही. मग फुकटचे सल्ले नकोत.

शेंगाचटणी:
फुकटचं नको म्हणणारेच १३० रुपयांसाठी रडायलेत.

अक्कलकोटरोड:
रडत नाही, हिशेब मागायलोय. तुम्हाला ओटीटीचे पैसे पोरगा भरतो वाटतं पुण्यातून.

होटगीरोडकर:
वैयक्तिक नको. आणि धागा एचडी पॅकचा नाही.

अक्कलकोटरोड:
लोकांना येतंय काय हे न बघता मोड सांगत बसायचं, हे तुमचं चालू द्या.

जुळेसोलापूर:
मधेच विचारतो. माझ्याकडे पट्टी चारही बाजूंना येते. मधे पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. हे कुठल्या पक्षात बसतं?

होटगीरोडकर:
कुठल्याच नाही, ते बॉक्सचं आहे. चॅनेल वर-खाली पट्टी घालून पाठवतंय आणि तुमचा बॉक्स ते ४:३ समजून बाजूच्या पट्ट्या घालतोय. आधी बॉक्सचा आउटपुट १६:९ करा, मग टीव्हीचा आकार ओरिजिनलवर ठेवा. अशा चॅनेलला तेवढ्यापुरता झूम लावायला माझी हरकत नाही, कापली जाते ती नुसती पट्टी.

कडकभाकरी:
अरे वा! म्हणजे झूम चालतो?

होटगीरोडकर:
त्या एका ठिकाणी. आणि बरं, आईंच्या बातम्याही ताणा. सिनेमाला हात लावू नका.

कडकभाकरी:
परवानगी मिळाली, आभारी आहे. आईला कळवतो.

रात्रपाळी:
मोशन स्मूदिंगबद्दल कुणीच काही बोललं नाही.

चादरगल्ली:
मॅचला ते चालतं हो. आमच्याकडे चालूच असतं.

रात्रपाळी:
मॅचला चालेल. सिनेमाला लागलं की बंद करता का पण?

चादरगल्ली:
रिमोट मेहुण्याकडे असतो.

जुळेसोलापूर:
बॉक्सचं १६:९ केलं, चित्र मोठं झालं. पण सगळे पुसलेले दिसायलेत.

अक्कलकोटरोड:
मी काय सांगत होतो? एसडी आहे ते. आता केबलवाल्याला फोन करा आणि तो एचडीचे किती सांगतो ते इथे लिहा.